सुरी, संमती आणि कोर्ट

1987 साली ब्रिटिश पोलिसांच्या हाती एक व्हिडिओ कॅसेट लागली. काही प्रौढ पुरुष एकमेकांना वेदना देत होते, राजीखुशीने. हत्यारं निर्जंतुक केलेली. ‘आता थांब’ सांगायला आधीच ठरवलेला एक शब्द. कायमची इजा कुणालाच नाही, तक्रारही कुणाची नाही. तरी 1993 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने तीन विरुद्ध दोन मतांनी त्यांना दोषीच ठरवलं. अशा इजेला संमती हा बचावच नाही म्हणे.

तीनच वर्षांनी एक नवरा अपिलात सुटला. बायकोच्याच सांगण्यावरून त्याने तिच्या नितंबांवर तापलेल्या सुरीने स्वतःची आद्याक्षरं डागली होती. कोर्ट म्हणालं, हे गोंदवून घेण्यासारखंच. नवरा-बायकोचा घरातला मामला. मला तर इथे सुरीपेक्षा लग्नाचंच वजन जास्त दिसतं.

आपल्या 1860 च्या दंड संहितेत, कलम 87 खाली, उदाहरणच तलवारबाजीचं आहे (आता न्याय संहितेचं कलम 25). दोघांनी गंमत म्हणून खेळायचं ठरवलं, नियम पाळूनही एकाला लागलं, तर गुन्हा नाही. मात्र संमती देणारा अठराच्या वरचा हवा, आणि जीव जाईल किंवा गंभीर दुखापत होईल असं काही जाणूनबुजून केलेलं नको.

2021 मध्ये इंग्लंडने कायदा करून लैंगिक सुखासाठीच्या गंभीर इजेत संमतीचा बचाव बंद केला. त्याआधी बाईचा जीव घेणारे पुरुष कोर्टात सांगत, ‘तिलाच हवं होतं.’ तिने ‘थांब’ म्हटलं होतं की नाही, हे सांगायला ती उरलेली नसायची.