ऑप्टिकल ट्रान्सीव्हर : सुसंगततेच्या प्रश्नाचा इतिहास

टेलिफोन एक्स्चेंजमधील स्थानिक जंक्शनसाठी भारतातील पहिली ऑप्टिकल फायबर यंत्रणा १९७९ मध्ये पुण्यात सुरू झाली. त्या पिढीत प्रकाश पाठवणारा व स्वीकारणारा भाग यंत्रणेतच बसवलेला असे. वेग वाढवायचा तर सहसा दोन्ही टोकांची उपकरणेच बदलावी लागत.

१९९० च्या दशकात हा भाग सुटा झाला. आधी जीबिक आणि २००१ मध्ये त्याहून लहान एसएफपी मॉड्यूलचे विनिर्देश आले. अनेक उत्पादकांनी आपसांत करार करून आकार व जोडणी ठरवली, त्यामुळे एकाच्या स्विचमध्ये दुसऱ्याचे मॉड्यूल बसू लागले. मॉड्यूलमध्ये उत्पादकाचे नाव, तरंगलांबी, अंतर अशा नोंदींची छोटी मेमरीही होती. हेतू हा की स्विचला मॉड्यूल ओळखता यावे. पुढे काही उत्पादकांनी याच नोंदी वाचून परक्या कंपनीचे मॉड्यूल नाकारायला सुरुवात केली. तेव्हापासून ‘सुसंगत’ या शब्दाला दोन अर्थ आले : नोंद जुळणे आणि प्रकाश जुळणे.

दुसरा अर्थ अधिक कठीण आहे. १९९८ च्या गिगाबिट मानकानुसार ८५० नॅनोमीटरचा प्रकाश ६२.५ मायक्रॉनच्या मल्टिमोड फायबरवर (आजचा ओएम१) २७५ मीटर जाई. २००२ च्या दहा गिगाबिट मानकात त्याच फायबरवर, त्याच तरंगलांबीला, मर्यादा ३३ मीटरवर आली. म्हणजे दोन इमारतींमधील २०० मीटरच्या जुन्या केबलवर एसएफपी प्लस मॉड्यूल स्विचमध्ये बसेल, स्विच त्याला ओळखेलही, पण लिंक भरवशाने चालणार नाही. पुन्हा खोदकाम करणे महाग असल्याने २००६ मध्ये एलआरएम मानक आले. त्यात १३१० नॅनोमीटरचा प्रकाश वापरून, स्वीकारणाऱ्या टोकाला सिग्नल इलेक्ट्रॉनिक पद्धतीने सावरून, २२० मीटरपर्यंत मजल मारता येते.

म्हणून लिंकचा वेग वाढवताना आधी फायबरचा प्रकार व लांबी पाहावी, मग दोन्ही टोकांचे मानक व तरंगलांबी, मग प्रकाशशक्तीचा हिशेब. ४० किलोमीटरचे मॉड्यूल छोट्या लिंकवर लावल्यास रिसीव्हरवर अतिरिक्त प्रकाश पडतो. तिथे अ‍ॅटेन्युएटर हवा. स्विच उत्पादकाची यादी शेवटी पाहावी. मॉड्यूलमधील नोंद पुन्हा लिहिता येते, जमिनीखालच्या फायबरची मर्यादा मात्र तशीच राहते.

स्वाध्याय : आपल्या महाविद्यालयातील एका लिंकचा फायबर प्रकार व लांबी शोधा. ती दहा गिगाबिटवर नेण्यासाठी कोणते मानक चालेल, ते सकारण लिहा.