‘कट्यार’ भूकंपाआधी पाहिली होती! चुकलेल्या तारखेचं संशोधकानं काय करायचं?

पीएच.डी.त मी नेमकं काय करते, हा प्रश्न लग्नाकार्यात हमखास येतो. थोडक्यात सांगते. एखादं जुनं संगीत नाटक पुन्हा रंगमंचावर येतं, लोक ते बघून येतात आणि मग वर्षानुवर्षं त्याबद्दल बोलत राहतात. मी त्या बोलण्याचा अभ्यास करते. नाटककार, संगीतकार, नट यांचा इतिहास बऱ्यापैकी लिहिला गेलाय. खुर्चीत बसून ‘वन्स मोअर’ देणाऱ्याचा मात्र फारसा नाही. यावर पुढचा प्रश्न ठरलेला: ‘अगं, पण म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी चुकीच्या असतात. त्यांचा कसला इतिहास?’

प्रश्न योग्यच आहे. म्हणून आज तुमच्यासमोर एक सरळसरळ चुकीची आठवण ठेवते आणि तिचं आम्ही काय करतो ते दाखवते.

कोयना प्रकल्पावर नोकरी केलेले, आता ऐंशी ओलांडलेले एक गृहस्थ आहेत. नाव देत नाही, आपण त्यांना काका म्हणू. राहुल देशपांडे यांनी ‘कट्यार काळजात घुसली’ पुन्हा रंगमंचावर आणलं, तेव्हा काकांनी ते नातीसोबत पाहिलं. त्याबद्दल ते भरभरून बोलतात. पण बोलता बोलता गाडी वसंतरावांवर येते. वसंतराव देशपांडे यांचा खाँसाहेब आपण सांगलीला पाहिला, असं ते सांगतात. परतताना एसटी चुकली, रात्र कराडच्या स्टँडवर काढली, सकाळी पाटणवरून कोयनानगरला पोचलो, आणि संध्याकाळी कॉलनीतल्या शेजाऱ्यांना गोळा करून जमतील तशी पदं म्हणून दाखवली. केव्हाची गोष्ट? काका क्षणभरही थांबत नाहीत. भूकंपाच्या आधीची.

आधी तारखा लावून बघू

कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा. पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी झाला, तीव्रता ६.३ ते ६.५ च्या आसपास धरतात. जवळपास दोनशे माणसं गेली. धरणाच्या भिंतीला तडे गेले आणि पुढे तिचं मजबुतीकरण करावं लागलं. धरणात साठवलेल्या पाण्यामुळे भूकंप होऊ शकतो का, या विषयावर जगात कुठेही चर्चा निघाली की कोयनेचं नाव येतंच.

‘कट्यार’चा पहिला प्रयोग २४ डिसेंबर १९६७ चा. पुरुषोत्तम दारव्हेकरांचं नाटक, पंडित जितेंद्र अभिषेकींचं संगीत, प्रभाकर पणशीकरांची ‘नाट्यसंपदा’ ही संस्था आणि खाँसाहेब आफताब हुसेनच्या भूमिकेत वसंतराव.

म्हणजे नाटक आलं भूकंपानंतर तेरा दिवसांनी. काकांनी ते भूकंपाच्या आधी पाहिलेलं असणं शक्य नाही. विषय संपला?

इथे दोन सोपे रस्ते असतात. एक, आठवण खोटी म्हणून कागद फाडायचा. दोन, गुपचूप ‘आधी’चं ‘नंतर’ करून प्रबंधात घालायचं. दुसऱ्या रस्त्याचा मोह जास्त होतो, कारण बाकी सगळी हकिकत सुरेख जमते. पण दोन्ही रस्त्यांनी गेलात तर हातातला पुरावा जातो. माणूस कशात चुकला यापेक्षा *कुठल्या बाजूला* चुकला, हे जास्त सांगून जातं.

तीन शक्यता

पहिली शक्यता: नाटक वेगळं होतं. १९६७ च्या आधी सांगलीत संगीत नाटकांचा तोटा नव्हता. विष्णुदास भाव्यांनी ५ नोव्हेंबर १८४३ ला ‘सीतास्वयंवर’ केलं ते याच गावात, म्हणून तर त्या तारखेला आपण मराठी रंगभूमी दिन पाळतो. ‘शारदा’कार देवल शेजारच्या हरिपूरचे. ‘मानापमान’ आणि ‘स्वयंवर’ लिहिणारे खाडिलकर सांगलीचे. पलीकडे मिरजेत तरुण नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व, १९०५ मध्ये शकुंतला म्हणून उभे राहिले. नाट्यपंढरी हे बिरुद सांगलीला उगाच चिकटलेलं नाही. तेव्हा काकांनी तिथे भूकंपाआधी दुसरं एखादं संगीत नाटक पाहिलेलं असणं अगदी शक्य आहे.

दुसरी शक्यता: गायक तेच, पण नाटक नाही. वसंतराव काही ‘कट्यार’मुळे गायला लागले नाहीत. त्याच्या आधीपासून ते मैफिलीत आणि रेडिओवर गात होते. काकांनी त्यांना आधी ऐकलं असेल आणि मागाहून त्या आवाजाला खाँसाहेबाची शेरवानी चढली असेल.

तिसरी शक्यता: नाटक ‘कट्यार’च, फक्त तारीख सरकली. आता सरकली, तर ती नेमकी भूकंपाच्या अलीकडेच का सरकली? पाच वर्षं पुढे का नाही गेली?

इटलीतलं एक गाव

हा प्रश्न विचारायला मला शिकवलं आलेस्सांद्रो पोर्तेली या इटालियन अभ्यासकानं. इटलीत तेर्नी नावाचं पोलादाच्या कारखान्याचं गाव आहे. तिथे १७ मार्च १९४९ ला लुईजी त्रास्तुली हा एकवीस वर्षांचा कामगार पोलिसांच्या गोळीनं मेला. इटलीनं नाटोत जाऊ नये म्हणून निघालेल्या मोर्चात तो होता. पोर्तेली अनेक वर्षांनी गावातल्या माणसांशी बोलले, तर बऱ्याच जणांनी हा मृत्यू १९५३ मध्ये टाकला. त्या वर्षी मोठी कामगारकपात झाली होती आणि तिच्याविरुद्ध गाव रस्त्यावर उतरलं होतं.

सगळे एकाच दिशेला कसे चुकतात? पोर्तेलींचं म्हणणं असं की १९४९ च्या त्या मृत्यूला गावानं तेव्हा उत्तर दिलं नव्हतं, आणि ती बोच राहून गेली. १९५३ मध्ये गाव लढलं. आठवणीनं तो मृत्यू उचलून तिथे नेऊन ठेवला, जिथे त्याला अर्थ मिळत होता. तारीख चुकीची, पण चुकीमागचं कारण खरं.

तेर्नीत गोळी होती, कोयनेत नाटकाची पदं आहेत, त्यामुळे तुलना जपूनच करायला हवी. तरी तोच प्रश्न मी काकांच्या हकिकतीला विचारला. यातलं काय भूकंपाच्या अलीकडे असल्याशिवाय चालणारच नाही?

वसंतराव चालतील. सांगली चालेल. चुकलेली एसटी तर कुठल्याही वर्षी चुकू शकते. चालणार नाहीत ते शेजारी. प्रकल्पाच्या कामावर राज्याच्या कुठल्या कुठल्या भागातून माणसं आली होती. कॉलनीत एकमेकांच्या बोलीची चेष्टा करत, एकमेकांच्या घरचं खात ती राहत होती. भूकंपानंतर काकांच्या आसपासची घरं मोडली. कुणी बदली मागून घेतली, कुणी बायकामुलांना गावी धाडलं. ज्यांना पदं म्हणून दाखवली, ती माणसं त्या ओसरीवर पुन्हा एकत्र बसली नाहीत. ‘कट्यार’ पाहून आलेल्या माणसाला ते सांगायला कुणीतरी हवं होतं. आणि ऐकणारे होते भूकंपाच्या अलीकडे. म्हणून नाटकच तिकडे गेलं.

हा माझा अर्थ आहे, पुरावा नव्हे. पण या अर्थामुळे एक गोष्ट मला दिसायला लागली, आणि प्रबंधाचा मुद्दाही आता तोच झालाय: रसिकाच्या आठवणीत प्रयोग एकटा राहत नाही. तो ज्याला सांगितला, त्या माणसासकट राहतो.

मग पुनरुज्जीवनाचं काय?

आता राहुल देशपांडे यांच्या ‘कट्यार’कडे येऊ. सुबोध भावे यांच्या दिग्दर्शनाखाली २०१० मध्ये हे नाटक पुन्हा उभं राहिलं. खाँसाहेब राहुल, सदाशिव महेश काळे. प्रयोग पाहून आलेल्यांच्या बोलण्यात दोन प्रकारची वाक्यं सतत येतात: ‘अगदी आजोबाच!’ आणि ‘छे, वसंतराव ते वसंतराव!’ वरवर ही एकमेकांच्या विरुद्ध वाटतात. पण दोन्हींत एक गृहीत समान आहे. बोलणाऱ्याच्या मनात मूळ प्रयोग लख्ख आहे आणि त्याला नवा प्रयोग लावून बघितला जातोय.

खरंच असं होतं का? साधा हिशेब करा. वसंतराव गेले ३० जुलै १९८३ ला. त्यांना रंगमंचावर जाणत्या वयात पाहिलेला माणूस २०१० मध्ये चाळिशीच्या पुढचाच असणार. म्हणजे नव्या प्रयोगाला आलेल्या तरुणांनी वसंतरावांना ऐकलं ते ध्वनिमुद्रणांतून आणि आईवडिलांच्या तोंडून. इतकंच काय, खुद्द राहुल यांचा जन्म १९७९ चा. आजोबा गेले तेव्हा नातू चार वर्षांचाही नव्हता. आजोबांचा खाँसाहेब त्यालाही बराचसा तुमच्याआमच्यासारखाच, ऐकून ऐकूनच मिळवावा लागला असणार.

बरं, वसंतराव तरी पहिले होते का? त्यांच्या गाण्यावर दीनानाथ मंगेशकरांचा ठसा होता, हे जाणकार सांगतात आणि वसंतरावांनीही ते कधी लपवलं नाही. दीनानाथ गेले १९४२ ला, आणि त्यांचं बिऱ्हाड बरीच वर्षं सांगलीत होतं. तेव्हा १९६७ नंतर ‘कट्यार’ पाहणारा सांगलीकडचा एखादा वयस्क रसिक वसंतरावांमध्ये दीनानाथ शोधत बसला असेल तर नवल नाही. आणखी मागे चला. ‘सौभद्र’ १८८२ चं. त्या काळचे लाडके भाऊराव कोल्हटकर १९०१ मध्ये गेले आणि चार वर्षांत बालगंधर्व आले. त्यांच्या सुभद्रेलाही ‘आम्ही भाऊरावांना पाहिलंय’ म्हणणारे भेटलेच असणार. संगीत नाटकात प्रत्येक ‘मूळ’ आवाजाच्या मागे आणखी एक आवाज उभा असतो.

म्हणून ‘नवा प्रयोग जुन्याइतका चांगला होता का?’ हा प्रश्न मी विचारणं सोडून दिलंय. त्याऐवजी मी विचारते: तुम्ही कुणासोबत गेला होता? घरी आल्यावर कुणाला सांगितलंत? या प्रश्नांवर माणसं वेगळंच बोलतात. काका नातीबद्दल बोलले. मध्यंतरात चहा घेताना त्यांनी तिला कोयनानगरची ती संध्याकाळ सांगितली. इतक्या वर्षांत घरात कुणी विचारलं नव्हतं आणि त्यांनीही सांगितलं नव्हतं. भूकंपाचं बोलणं निघालं की ते फक्त पडलेल्या भिंतींचंच व्हायचं. त्यांच्यापुरतं तरी पुनरुज्जीवनानं हे केलं: ऐकणारं माणूस परत मिळवून दिलं.

आठवण पारखायची कशी

याचा अर्थ काहीही सांगा, मी लिहून घेते, असा नाही. काही कसोट्या लागतातच. एक सोपी सांगते. २०१५ मध्ये ‘कट्यार’वर चित्रपट आला. त्यात खाँसाहेब सचिन पिळगांवकर, पण गाण्याचा आवाज राहुल यांचा. अभिषेकींच्या चालींसोबत शंकर-एहसान-लॉय यांनी नवी गाणीही केली. १९७० च्या दशकातल्या प्रयोगाची आठवण सांगताना कुणी चित्रपटातल्या नव्या गाण्याचं वर्णन करायला लागलं, की मी समासात खूण करते. ती खूण ‘खोटं’ अशी नसते. ‘इथे २०१५ मिसळलंय’ अशी असते. जुन्या भिंतीवर रंगाचे किती हात बसलेत ते मोजण्यातला हा प्रकार आहे.

दुसरी कसोटी तपशिलाची. पदं किती अप्रतिम झाली, हे सगळेच सांगतात. त्यातून फार काही हाती लागत नाही. पण तिकीट कुणी काढलं, कुठे बसला होता, कुठलं पद पुन्हा घ्यायला लावलं, परत कसे आला, यांची उत्तरं इतर कागदांशी ताडून पाहता येतात. वर्तमानपत्रातली जाहिरात, नाट्यगृहाची नोंदवही, घरातली जुनी डायरी, काहीही चालतं.

आणि इथे मला तुमची मदत हवी आहे. वसंतरावांची ‘कट्यार’ तरुणपणी पाहिलेली माणसं आज सत्तरी-ऐंशीत आहेत. कोयना, पाटण, कराड, सातारा, सांगली, मिरज या पट्ट्यातली कुणी तुमच्या घरात किंवा शेजारी असतील, तर या आठवड्यात अर्धा तास काढा आणि फोनवर रेकॉर्डिंग लावून बसा. मोठा प्रश्न विचारू नका. ‘तेव्हा गेलात कसे आणि आलात कसे?’ एवढं पुरतं. तारीख चुकली तर मध्येच दुरुस्त करू नका. ते काम नंतर कागदांपाशी बसून माझ्यासारखी माणसं करतील. तुम्ही फक्त ऐका. तेवढं ऐकणारं कुणी नसेल, तर ती आठवण त्या माणसाबरोबरच जाईल.