सव्वीस दिवस

खैरलांजी म्हटलं की आपण २९ सप्टेंबर २००६ ही तारीख सांगतो. पोस्टरवर तीच, भाषणात तीच. मी लिहितो आहे ते तिच्या आधीच्या सव्वीस दिवसांबद्दल. मेलेल्यांचा इतिहास आपल्याला पाठ आहे. ते जिवंत असताना काय करता आलं असतं, हा इतिहास आपल्याला कुणी शिकवला नाही.

मी तुमसरच्या एका राईस मिलमध्ये धानाचे कट्टे उचलतो. खैरलांजी घडलं तेव्हा मी मायच्या कडेवर होतो. वाचलं ते सगळं नंतर, रात्रपाळीत, मशीन बंद पडली की कट्ट्यावर बसून.

तर ३ सप्टेंबर २००६. मोहाडी तालुक्यातल्या धुसाळ्याचे पोलीस पाटील, आपलेच, त्यांना खैरलांजीच्या लोकांनी मारलं. ते भोतमांगे कुटुंबाच्या पाठीशी उभे राहत, हा त्यांचा गुन्हा. भोतमांग्यांच्या शेतातून रस्ता काढायचा वाद जुना होता. गावात बौद्धांची घरं बोटावर मोजण्याइतकी. अशा गावात सुरेखाबाई आणि बारावीत शिकणारी प्रियंका यांनी मारणाऱ्यांची नावं पोलिसांना सांगितली. गावातच राहायचं आणि गावाविरुद्ध साक्ष द्यायची! ही हिंमत कुठून आली असेल याचा विचार मी पुष्कळदा करतो. २९ तारखेला आरोपींना अटक झाली. त्याच दिवशी जामीन झाला. त्याच संध्याकाळी जमाव घरावर आला. सुरेखा, प्रियंका, सुधीर, रोशन. चौघांची प्रेतं कालव्यात. भैयालाल तेवढे वाचले, तेही २०१७ साली न्यायाची वाट बघत गेले.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. नागपूर, भंडारा, अमरावती पेटली, लाठ्या आपल्याच लोकांनी खाल्ल्या. सीबीआय आली. सप्टेंबर २००८ मध्ये भंडाऱ्याच्या कोर्टानं सहा जणांना फाशी, दोघांना जन्मठेप दिली. जुलै २०१० मध्ये नागपूर खंडपीठानं फाशीची पंचवीस वर्षं केली. ॲट्रॉसिटी ॲक्टची कलमं दोन्हीकडं टिकली नाहीत. म्हणजे हा जातीचा मामलाच नव्हता म्हणे!

आता ते सव्वीस दिवस.

ॲट्रॉसिटी ॲक्ट १९८९ चा, त्याचे नियम १९९५ चे. आपण ॲक्ट ओळखतो तो रिपोर्ट लिहायच्या वेळी, म्हणजे डोकं फुटल्यावर. पण कायद्याच्या नावातच ‘प्रतिबंध’ हा शब्द आहे. नियम तीन काढून वाचा. जिथं अत्याचार होण्याची शक्यता आहे ती गावं सरकारनं आधीच हुडकायची. कलेक्टर आणि एसपीनं तिथं जाऊन परिस्थिती बघायची. गरज असेल तर सवर्णांच्या बंदुकांचे परवाने रद्द करायचे. गावात जागृती केंद्रं काढायची, शिबिरं घ्यायची. आणि हे ऐका: असं काम करणाऱ्या संस्थांना सरकारनं प्रोत्साहन द्यायचं, पैशाची मदतसुद्धा करायची. तुम्ही-आम्ही सायकलला पंक्चर असताना पायी जाऊन वस्तीत जी बैठक घेतो, तिच्यासाठी नियमात तरतूद आहे. अकरा वर्षं हा कागद भंडारा जिल्ह्यालाही लागू होता. पोलीस पाटलाला मारलं, दोन बायांनी नावं दिली, यापेक्षा वेगळी धोक्याची घंटा काय असते? सव्वीस दिवसांत त्यांच्या दारात संरक्षणाला एक शिपाई बसला नाही.

काही भाऊ म्हणतील, कायद्यानं काय होतं? बाबासाहेबांनी या दुखण्याचं मूळ कायद्याच्या फार आधी धरलं होतं. जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या परिषदेत, जिथं शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन उभं राहिलं, अस्पृश्यांसाठी स्वतंत्र गावांचा ठराव झाला. हिशोब सरळ होता. गावागावात आपली दोनचार घरं, पोट त्यांच्या शेतावर, मग मार खाल्ला तरी बोलायचं कुणाच्या बळावर? तो ठराव कागदावरच राहिला. आपण विखुरलेलेच राहिलो, भोतमांग्यांसारखे. पण महाडला १९२७ साली आपल्या माणसांची डोकी फुटली तेव्हा बाबासाहेबांनी उलटा हात उचलू दिला नाही, कोर्ट मात्र सोडलं नाही. लाठी नाही म्हणजे गप्प बसणं नाही, हे तिथं कळतं.

सरकारचा प्रतिबंध कसा असतो तेही बघा. २००७ पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. २०१० साली खैरलांजीला तंटामुक्त गावाचा पुरस्कार मिळाला. ज्यांच्याशी तंटा होता ते संपले, म्हणजे गाव मुक्तच झालं की!

नंतर कायदा जरा धारदार झाला. २०१५ ची दुरुस्ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू आहे. पीडित आणि साक्षीदाराला संरक्षण हा आता हक्क आहे, आणि पीडितानं कार्यकर्त्याची मदत घेणं हाही. ठाण्यात ‘तू कोण रे?’ म्हणून हाकललं तर कलम १५ अ दाखवा. साक्षीला जाणाऱ्या मजुराचा रोज बुडतो, तो भरून द्यायची सोय नियम अकरामध्ये आहे. मिलमधल्या माणसाला याची किंमत विचारा, एक पाळी बुडाली की घरात काय होतं ते.

शेवटी नियम सतरा. प्रत्येक जिल्ह्यात दक्षता व नियंत्रण समिती, अध्यक्ष कलेक्टर, तीन महिन्यांतून एक तरी बैठक. तिच्यात अनुसूचित जाती-जमातींचे पाचपर्यंत बिनसरकारी सभासद घेता येतात. त्या खुर्च्यांवर कोण बसतं? पुढाऱ्याच्या गाडीत फिरणारा की वस्तीत फिरणारा? गेल्या पावसाळ्यात आम्ही चौघं एका कार्यालयात बैठकांचं इतिवृत्त मागायला गेलो. बाबू म्हणाला, “कायले पाहिजे तुमाले? आपल्याइकडे तं सप्पा शांत हाये.” खैरलांजीतही २८ सप्टेंबरला सप्पा शांतच असेल.

आता माहितीच्या अधिकारात अर्ज केला आहे. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लागतं, उत्तर तीस दिवसांत द्यावं लागतं. विचारलं ते एवढंच: पाच वर्षांत किती बैठका झाल्या, सभासद कोण, जिल्ह्यातली कोणती गावं धोक्याची म्हणून हुडकली, आणि जागृती केंद्रांना किती पैसा दिला. अर्जाची नक्कल विहारात ठेवली आहे. मोहाडी, साकोली, लाखनी, लाखांदूर, पवनीच्या पोरांनी ती न्यावी आणि आपापल्या तालुक्यातून एकेक अर्ज टाकावा. नियम तीनची झेरॉक्सही तिथंच आहे, ती मात्र वाचून परत आणून द्या.