मुखाभिज्ञान, नरवानर गणातील
नरवानर गणातील प्राण्यांची स्वजातीयांना चेहऱ्यावरून ओळखण्याची क्षमता. ती उपजत की अर्जित, हा वाद जुना आहे. मॅकाक माकडांच्या मेंदूतील चेहऱ्यालाच विशेष प्रतिसाद देणाऱ्या तंत्रिका कोशिकांचे वर्णन चार्ल्स ग्रॉस व सहकाऱ्यांनी केले (१९८१). तथापि वाद मिटला नाही. जपानमध्ये योइची सुगिता यांनी माकडांची पिले ६ ते २४ महिने चेहरा दिसू न देता वाढविली (२००८). प्रयोग निष्ठुरच, तरीही पिले वस्तूंपेक्षा चेहऱ्यांकडे अधिक पाहत. पुढे महिनाभर केवळ माणसांचे चेहरे पाहिलेल्यांना मात्र स्वजातीयांच्या चेहऱ्यांतील भेद ओळखणे कठीण गेले. उलट, मार्गारेट लिव्हिंगस्टन यांच्या प्रयोगशाळेत चेहऱ्यांविना वाढलेल्या माकडांच्या मेंदूत चेहऱ्यांसाठीची क्षेत्रे तयारच झाली नाहीत (२०१७). ती चेहऱ्यांऐवजी हातांकडे पाहत.