आजोबांचे माधवराव आणि आत्याचं कॉलेज

मागच्या वर्षी केरळला गेलो होतो. तिरुवनंतपुरमला सचिवालयासमोर एक चौक आहे, त्याचं नावच ‘स्टॅच्यू’. कंडक्टर तेच ओरडतो. पुतळा कुणाचा म्हणून वर बघितलं आणि चाटच पडलो. आमच्या बडोद्याचे दिवाण, सर टी. माधवराव!

आमच्या दांडिया बाजारच्या घरात हे नाव मी लहानपणापासून ऐकलेलं. आजोबा गायकवाड सरकारच्या नोकरीत होते. घरात कसलाही वाद झाला की ते माधवरावांचा दाखला द्यायचे आणि शेवटी आपला ठरलेला शब्द टाकायचे, "धीमे धीमे." बडोदेकरांना सांगायला नको, आमच्या मराठीत गुजराती असं न विचारता येऊन बसतं.

माधवरावांचा जन्म 1828 चा, कुंभकोणमचा. घरात तंजावरी मराठी. वडील आणि काका दोघेही त्रावणकोरचे दिवाण होते. तिशी गाठताच हेही तिथेच दिवाण झाले. राज्य कर्जात बुडालेलं. 1863 पर्यंत त्यांनी ते फेडलं. 1865 मध्ये सरकारी जमीन कसणाऱ्या कुळांना तिची मालकी मिळाली. पुढे इंदूरला होळकरांकडे दोन वर्षं, आणि 1875 मध्ये मल्हारराव गायकवाडांना पदच्युत केल्यावर बडोदा. कवळाण्याहून दत्तक आणलेल्या लहानग्या सयाजीरावांना राज्यकारभार त्यांनीच शिकवला. ती व्याख्यानं ‘मायनर हिंट्स’ नावाने 1881 मध्ये छापली गेली. राजाने प्रजेच्या सुखासाठी राज्य करावं, राजवाड्याच्या खर्चाला हद्द असावी, असा सगळा रोख.

आता त्यांची मतं. इंग्रजी राज्यावर त्यांचा विश्वास होता. आपल्या समाजाचं नुकसान सरकारपेक्षा आपण स्वतःच ओढवून घेतलेल्या रूढींनी जास्त होतं, असं ते लिहायचे. मुलींनी शिकावं, बालविवाह थांबावेत, हेही त्यांना मान्य. 1887 मध्ये मद्रासला काँग्रेस भरली तेव्हा स्वागताध्यक्ष तेच. पण कायदेमंडळांच्या सुधारणेची मागणी पुढे सरकली तेव्हा सहकाऱ्यांशी त्यांचं पटेना, आणि 1889 मध्ये ते बाहेर पडले. सुधारणा हवी, पण घडी मोडू नये, असा माणूस. 1891 मध्ये वारले.

पुतळा बघून आल्यावर मी त्रावणकोरचा इतिहास वाचायला घेतला. आणि एक गोष्ट सापडली, जी आजोबांनी कधी सांगितली नव्हती. तिथे नाडर स्त्रियांना अंगाचा वरचा भाग झाकायची मोकळीक नव्हती. त्यावरून 1858-59 मध्ये दंगली झाल्या. मद्रासच्या गव्हर्नराचा दाब आला आणि 1859 मध्ये महाराजांचा जाहीरनामा निघाला. दिवाण माधवराव. त्यात नाडर स्त्रियांना अंग झाकायला परवानगी मिळाली. फक्त उच्च जातीच्या बायका नेसतात तसं नाही! म्हणजे लाज राखा, पण पायरी विसरू नका. अर्धंच दिलं.

मला एकदम आत्या आठवली. ती मॅट्रिक झाली तेव्हा बडोदा कॉलेज घरापासून चालत जाण्याइतकं जवळ. त्या कॉलेजचा पायाही माधवरावांच्या कारकिर्दीतच घातलेला. आजोबा "नाही" म्हणाले नाहीत. ते कधीच "नाही" म्हणत नसत. "आधी घरी राहून इंग्रजी पक्कं कर, मग बघू. धीमे धीमे." दोन वर्षांत लग्न झालं. आत्या म्हातारपणी एकदाच म्हणाली होती, "अण्णा सरळ ‘नको’ म्हणाले असते ना, तर मी भांडले तरी असते."

माधवरावांना कमी लेखायला हे लिहीत नाहीये. उधळपट्टीच्या संस्थानी काळात स्वच्छ कारभार करणं लहान काम नव्हे. त्रावणकोरच्या कुळांना विचाराल तर ते हात जोडतील. धीम्या माणसाने दिलेलं बहुतेक वेळा टिकतं, हेही खरं. फक्त जिला थांबायला सांगितलं जातं, तिचं आयुष्य तेवढ्यात निघून जातं.

आणि गंमत बघा. त्यांचाच शिष्य त्यांच्यापुढे गेला. सयाजीरावांनी 1893 मध्ये अमरेलीत सक्तीचं मोफत शिक्षण सुरू केलं, 1906 मध्ये साऱ्या राज्यात. मुलांबरोबर मुलींनाही. आत्या मॅट्रिकपर्यंत पोचली ती या सक्तीमुळेच. पहिल्या इयत्तेत घालताना आजोबांना "बघू" म्हणायची सोयच नव्हती.

तुमच्या घरांतही असे "बघू" म्हणणारे आजोबा होते का? आणि त्या आत्या, मावश्या? त्यांच्याबद्दल जरूर लिहा. पुतळे झालेल्यांचं लिहिणारे पुष्कळ आहेत.