परिचारिकेची सनद

रुग्णसेवेला दयाळू अंतःकरणाइतकीच पारखून घेतलेल्या ज्ञानाची जरुरी आहे, या तत्त्वाला अमेरिकेत कायद्याची मान्यता प्रथम मिळाली ती 1903 साली, उत्तर कॅरोलायना राज्याने परिचारिकांच्या नोंदणीचा कायदा केला तेव्हा. या नोंदणीची सनद देण्यासाठी राज्याराज्यांची मंडळे आपापल्या मगदुराप्रमाणे परीक्षा घेत. परंतु दुसऱ्या महायुद्धात परिचारिकांची निकड भासू लागताच 1944 पासून सामाईक, वस्तुनिष्ठ परीक्षेचा पायंडा पडला. तिच्यात औषधोपचार, शस्त्रक्रिया, प्रसूती, बालरोग व मानसरोग असे विभाग असत. 1982 साली ही वाटणी मोडली, आणि या साऱ्या इतिहासातले ते सर्वांत शहाणपणाचे पाऊल होय असे मला वाटते. कारण खाटेवरचा रोगी विषयवार विभागून येत नाही.

समजा, शस्त्रक्रिया होऊन काही तास लोटलेल्या रोग्याची नाडी 88 वरून 124 वर चढली आहे, रक्तदाब उतरतो आहे, त्वचा गार व घामेजलेली आहे, आणि तो मात्र फक्त तहान लागल्याचे सांगतो. अशा वेळी पाणी पाजण्याच्या भरीस न पडता पट्टीवर व पाठीखाली रक्त आहे काय हे पाहून शल्यवैद्यास तातडीने बोलावणे, हा निर्णय लक्षणांच्या तोंडपाठ याद्यांतून आपोआप निघत नाही.

परीक्षाही याच दिशेने बदलत गेली. 1994 पासून तिच्यात संगणक प्रत्येक उत्तरानुसार पुढील प्रश्नाचे काठिण्य ठरवू लागला, आणि एप्रिल 2023 पासून उलगडत जाणाऱ्या रुग्णवृत्तांतांतून निर्णयबुद्धीच जोखली जाऊ लागली. या अमेरिकी सनदेची आकांक्षा धरणाऱ्या आपल्याकडील भगिनींनी उत्तर घोकण्यापूर्वी त्याचे कारण स्वतःच्या शब्दांत मांडून पाहावे.