औषधांतील ‘निष्क्रिय’ द्रव्ये : एका संज्ञेचा इतिहास

जुन्या इंग्रजी वळणाच्या औषधचिठ्ठ्यांत दोन अक्षरे वारंवार आढळतात : क्यू. एस. मूळ लॅटिन शब्दांचा अर्थ ‘पुरेसे होईल इतके’. मुख्य औषध किती ग्रेन घ्यावयाचे हे चिठ्ठीत काटेकोरपणे नमूद असे. परंतु पुडीचे वजन भरून काढण्यासाठी लागणारी दुग्धशर्करा किंवा बाटली भरण्यासाठी लागणारे पाणी वा सरबत यांच्यापुढे पुष्कळदा ही दोनच अक्षरे असत. आपल्याकडे बाटलीवर कातरलेल्या कागदाची पट्टी चिकटवून मात्रा दाखविणारा दवाखान्यातील कंपाउंडर याच परंपरेत वाढला. इतिहासाच्या अभ्यासकाची अडचणही येथूनच सुरू होते. भरणद्रव्य हे औषधाच्या कागदपत्रांतील अनामिक होय. त्याने कोणाला तरी अपाय केला म्हणजेच त्याचे नाव नोंदीत उमटते. त्यामुळे त्याचा इतिहास हा बहुतांशी अपघातांचा इतिहास आहे.

या द्रव्यांना ‘निष्क्रिय’ म्हणण्याची कल्पना सर्व वैद्यकपरंपरांना मान्य होती असे मात्र नाही. आयुर्वेदातील अनुपानविचार हे त्याचे उदाहरण. मध, तूप वा दूध यांपैकी कशाबरोबर औषध द्यावे याची चर्चा तेथे होते, ती औषधाच्या गुणाशी या माध्यमाचा संबंध आहे असे गृहीत धरूनच. अर्थात अनुपान आणि आधुनिक गोळीतील भरणद्रव्य ही एकच वस्तू नव्हे; पहिले उघडपणे सांगून दिले जाते, दुसरे न सांगता.

अमेरिकेतील 1937 ची दुर्घटना सर्वपरिचित आहे. सल्फानिलामाइड हे औषध डायएथिलीन ग्लायकॉलमध्ये विरघळवून विकले गेले आणि शंभरांहून अधिक माणसे दगावली. तत्कालीन कायद्याखाली उत्पादकावर ठेवता आलेला दोष एवढाच की, मद्यार्क नसताना त्याने औषधास ‘एलिक्झिर’ म्हटले! 1938 चा अमेरिकी औषधकायदा यातूनच संमत झाला. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात 1986 मध्ये याच विषाने 14 रुग्ण दगावले. त्या घटनेचा उल्लेख या मालिकेत अनेकदा केला जातो. परंतु तेथे भेसळयुक्त ग्लिसरॉल हेच रुग्णांना दिलेले औषध होते, त्याचे माध्यम नव्हे. शिवाय दोन्ही ठिकाणी प्रश्न उघड विषाचा होता. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अधिक बोधक आहे ती ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन शहरातील घटना, कारण तेथील द्रव्य विषारी नव्हतेच.

1968-69 च्या सुमारास त्या शहरात अपस्माराचे अनेक रुग्ण विचित्र तक्रारी घेऊन डॉक्टरांकडे येऊ लागले. चालताना तोल जाई, एकाची दोन दिसत, गुंगी येई. ही सर्व लक्षणे फेनिटॉइन या औषधाची मात्रा अतिरिक्त झाल्याची. पण रुग्ण तर नेहमीचीच मात्रा घेत होते. अशा प्रसंगी संशय सामान्यतः रुग्णावर येतो : त्याने चुकून दोन कॅप्सूल घेतल्या असतील. टायरर, ईडी व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1970 मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनातून वेगळेच कारण पुढे आले. कॅप्सूलमधील फेनिटॉइन जितके असावयास हवे तितकेच होते. बदलले होते ते भरणद्रव्य. पूर्वीच्या कॅल्शियम सल्फेटऐवजी उत्पादकाने दुग्धशर्करा वापरण्यास प्रारंभ केला होता. कॅल्शियम सल्फेटमुळे फेनिटॉइनचा काही भाग आतड्यांत शोषला जात नसे. तो अडथळा दूर होताच रक्तातील औषध वाढले. आणि एका मर्यादेनंतर यकृताला फेनिटॉइनचा निचरा त्या प्रमाणात करता येत नसल्याने थोड्याशा वाढीचाही परिणाम मोठा झाला. 1972 मध्ये बोखनर व इतरांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांनी हा कार्यकारणभाव पक्का केला.

या घटनेचा नेहमी काढला जाणारा निष्कर्ष असा की दुग्धशर्करेने घात केला. प्रस्तुत लेखकास तो अपुरा वाटतो. औषधाचे शोषण नव्या कॅप्सूलमध्येच अधिक चांगले होत होते. कमी होत होते ते जुन्या कॅप्सूलमध्ये. म्हणजे ज्या मात्रेला डॉक्टर ‘नेहमीची’ म्हणत होते, ती मुळात कॅल्शियम सल्फेटचा हिशेब धरून, पण तो कोणालाही ठाऊक नसताना, बसविली गेलेली होती. निष्क्रिय म्हणविले जाणारे द्रव्य चिकित्सेत अगोदरपासूनच सहभागी होते.

वैयक्तिक असहिष्णुतेचा प्रश्न याहून नाजूक, कारण तेथे एका शहराची नव्हे तर एकट्या रुग्णाची साक्ष असते. लॉकी या अमेरिकी चिकित्सकाने 1959 मध्ये टार्ट्राझिन या पिवळ्या रंगामुळे झालेल्या ॲलर्जीची प्रकरणे नोंदविली. तो रंग होता स्टेरॉइडच्या गोळ्यांत, म्हणजे ॲलर्जी शमविण्यासाठीच दिल्या जाणाऱ्या औषधांत. गोळी ओळखता यावी, एवढेच रंगाचे प्रयोजन. औषधांच्या वेष्टनावर या रंगाचे नाव छापण्याची सक्ती अमेरिकेत 1979 च्या आदेशाने झाली. पुढील नियंत्रित चाचण्यांत ही प्रतिक्रिया प्रारंभी वाटली त्याहून पुष्कळ विरळ ठरली, हेही सांगितले पाहिजे. पण विरळ म्हणजे काल्पनिक नव्हे.

दुग्धशर्करेबाबत तर दोन भिन्न गोष्टींची सतत गल्लत होते. ती पचविणारे विकर कमी असल्याने होणारा त्रास मात्रेवर अवलंबून असतो, आणि एका गोळीतील अंश कपभर दुधाच्या मानाने क्षुल्लक असतो. दुधातील प्रथिनांची ॲलर्जी ही वेगळी बाब. दुग्धशर्करा निवळीपासून काढली जात असल्याने तिच्यात प्रथिनांचा लेश राहू शकतो. दुग्धशर्करायुक्त मिथाइलप्रेडनिसोलोनचे इंजेक्शन गाईच्या दुधाची ॲलर्जी असलेल्यांना देऊ नये, असे युरोपीय औषधसंस्थेने 2017 मध्ये सांगितले. हेही स्टेरॉइडच, आणि तेही तीव्र ॲलर्जीवर वापरले जाणारे! औषध दिल्यावर प्रकृती बिघडली तर मूळचाच विकार बळावला असे समजून पुन्हा तेच इंजेक्शन दिले जाण्याचा धोका त्या संस्थेने विचारात घेतला होता. लॉकीच्या नोंदीनंतर 58 वर्षे लोटली होती.

रेकर व सहकाऱ्यांनी 2019 मध्ये अमेरिकेतील 42,052 तोंडावाटे घ्यावयाच्या औषधांची छाननी केली. ॲलर्जीकारक म्हणून पूर्वी नोंद झालेल्या 38 निष्क्रिय द्रव्यांपैकी निदान एक, 90 टक्क्यांहून अधिक औषधांत आढळले. अशा रुग्णासाठी आता पुन्हा औषध हाताने तयार करणाऱ्याकडे जावे लागते : तेच औषध, पण रंगाशिवाय, दुग्धशर्करेऐवजी सूक्ष्मस्फटिकी सेल्युलोज घालून. मात्र अमेरिकेच्या औषधकोशातील मानकांप्रमाणे अशा प्रत्येक मिश्रणाच्या नोंदीत भरणद्रव्याचेही नाव, वजन आणि खेप-क्रमांक लिहावा लागतो.